सहावी वाटी

या सदरातले अनुभव मी वर्षानुवर्षं वाचत आले, पण खरं सांगायचं तर हसण्यासाठी. कुणाच्या बंद खोलीत पावलं वाजतात, कुणाला गाडीच्या मागच्या सीटवर कोणीतरी दिसतं... मी चहा पिता पिता नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायचे आणि मग आम्ही दोघं मिळून त्याची चिरफाड करायचो. मी केमिस्ट आहे. सगळं आयुष्य क्वालिटी कंट्रोलमध्ये गेलं. आमच्याकडे रिझल्ट विचित्र आला तर कोणी घाबरत नाही, सॅम्पल पुन्हा घ्या म्हणतात. अशा बाईच्या स्वयंपाकघरात भर दुपारी जे झालं ते सांगते आहे. ते सॅम्पल मात्र मला पुन्हा घेता आलेलं नाही.

२००९ सालच्या सुरुवातीची, मंदीतली गोष्ट. आम्ही शारजात रोल्लाला राहायचो, पार्कच्या मागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर. मी, माझा नवरा श्री आणि सात वर्षांची सानिका. मी हमरिया फ्री झोनमध्ये एका रंगाच्या फॅक्टरीत होते. रोज सकाळी कार लिफ्टने, म्हणजे चारपाच जणांनी वाटून घेतलेल्या गाडीने जायचे, आणि दर आठवड्याला गाडीतली एखादी सीट रिकामी व्हायची. काल नायर, आज फर्नांडिस. कोणी काही विचारायचं नाही, ड्रायव्हर नुसताच रस्ता बदलायचा. श्रीची साइट आधीच बंद पडली होती. तो घरी बसून कपाटं आवरायचा, पंखे पुसायचा. बेकार इंजिनिअरच्या हाती घर सापडलं की काय होतं ते मी तेव्हा पाहिलं.

माझा धाकटा भाऊ मंदार दुबईत होता, जुमेरा लेक टॉवर्समध्ये एका कन्सल्टन्सीत. आमचे बाबा लवकर गेले. आई नोकरीला जायची, त्यामुळे मंदारला भरवण्यापासून शाळेत सोडण्यापर्यंत सगळं मीच केलं. तो जेवला की नाही हा प्रश्न माझ्या डोक्यातून कधीच गेला नाही, अजूनही जात नाही. डिसेंबरात पुण्याला त्याचं लग्न झालं, केतकीशी. दोघं दुबईला परतले आणि कंपनीने त्याला तीन महिन्यांच्या बिनपगारी रजेवर पाठवलं. नंतर बघू, इन्शाल्ला.

दुसऱ्या कोणी अशा वेळी काटकसर केली असती. यांनी काय करावं? अमेरिकेचा आणि कॅनडाचा व्हिसा बरे दिवस असतानाच काढून ठेवला होता, तिकिटं होती. म्हणाले, रजा मिळालीच आहे तर हनिमूनच लांबवतो. न्यूयॉर्क, बॉस्टन, मॉन्ट्रियल, टोरांटो, शिकागो... मित्रांकडे राहायचं, बसने फिरायचं. भाड्याचा फ्लॅट सोडला आणि सगळ्या बॅगा माझ्या पलंगाखाली आणून कोंबल्या. पाठीवर एकेक सॅक, बस्स. केतकीचा नियम होता, पाठीवर मावेल तेवढंच आपलं.

"फेब्रुवारीत? बर्फात? डोकं फिरलंय का तुमचं?" मी म्हटलं.

"ताई, नोकरी गेली तर परत कधी जाणार आम्ही?" मंदार म्हणाला.

निघायच्या दिवशी मी पहाटे उठून दशम्या केल्या, मेथीचे लाडू, चटणी, सगळं नीट बांधून दिलं. मंदारने पुडकं हातात तोललं आणि चपलांच्या स्टँडवर ठेवून दिलं. "ताई, हलकं जायचंय गं. मिळतं सगळं तिकडे." मला असा राग आला म्हणून सांगू! मी ते पुडकं तसंच नेऊन फ्रीझरमध्ये टाकलं आणि धाडकन दार लावलं.

केतकी माझ्या मागे स्वयंपाकघरात आली. हातात एक स्टीलचा डबा होता. आमच्याकडे लग्नात नवरी गौरीहर पुजते ती अन्नपूर्णा सासरी घेऊन येते, हे तुम्हाला माहीतच आहे. हातात पळी घेतलेली पितळेची इवलीशी मूर्ती. घर बंद करून बाहेरगावी जायचं झालं तर तिला तांदळात ठेवतात, म्हणजे ती उपाशी राहत नाही. केतकीने डबा ओट्यावर ठेवला.

"ताई, हिला पाठीवर कशी नेऊ? तुमच्याकडे ठेवते. पूजा वगैरे नको, तांदूळ फक्त संपू देऊ नका."

"का गं, फार खाते का तुझी देवी?" मी चिडवलं. राग पूर्ण उतरला नव्हता.

ती हसली. पण दारातून परत वळून म्हणाली, "हसा तुम्ही, पण खरंच संपू देऊ नका हं."

मूर्ती तांदळात सारखी कलंडत होती. म्हणून मी माझ्या सेटमधली एक वाटी काढली, ती तांदळात रोवली आणि वाटीत मूर्ती बसवली. हा सेट माझ्या लग्नातला. सहा वाट्या, प्रत्येकीवर भांड्यांच्या दुकानातून टिंबाटिंबांच्या अक्षरात घालून घेतलेलं नाव — 'चि. वैशालीस, माईआत्याकडून' — आणि खाली आत्याच्या हौसेचं एक वेडंवाकडं कमळ. ही वाटी लक्षात ठेवा.

मंदारचा फोन रोज सकाळी यायचा, मी डबा भरत असताना. त्यांची तेव्हा रात्र असायची. माझा पहिला प्रश्न ठरलेला, जेवलात का? तोही ठरलेलं उत्तर द्यायचा, हो गं बाई. एकदा न्यूयॉर्कहून म्हणाला, "आज काही मिळालंच नव्हतं, बस लेट. स्टँडवर एक बाई भेटली, तिने तिच्याकडचा भात दिला. ताई, साधा पांढरा भात, पण काय सांगू तुला!"

"अनोळखी माणसाच्या हातचं खायचं नाही, किती वेळा सांगायचं?" मी ओरडले. पलीकडून दोघांच्या हसण्याचा आवाज आला.

त्याच दिवशी संध्याकाळी मी पीठ काढायला फडताळ उघडलं आणि सहज अन्नपूर्णेचा डबा उघडला. तांदूळ खाली गेले होते. थोडेथोडके नाही, वाटी अर्धी उघडी पडली होती. मला वाटलं, हलवल्याने बसले असतील. वर ओतले. काही दिवसांनी पुन्हा तेच. आता मी सानिकाला धरलं.

"तू भातुकलीला घेतेस का यातले?"

"नो मम्मा! आय डोन्ट इव्हन लाइक राइस," ती म्हणाली. ते मात्र शंभर टक्के खरं होतं.

श्रीला विचारलं, तर त्याला तो डबा कुठला हेच माहीत नव्हतं. मुंग्या म्हणावं तर मुंगी नाही. झाकण घट्ट. मी वरून डबा भरला, सपाट केला आणि कोणाला न सांगता आतून मार्करने रेघ मारली. लॅबमधली सवय. दोन दिवस रेघ जागच्या जागी होती. तिसऱ्या दिवशी सकाळी बॉस्टनहून फोन आला, मित्र ऐनवेळी गावाला गेला, दार बंद, आम्ही दिवसभर रस्त्यावर. "पण जेवलो गं, काळजी करू नको." फोन ठेवला आणि का कोण जाणे, मी सरळ डबा उघडला. रेघ पूर्ण उघडी. तांदूळ तिच्या चांगली चार बोटं खाली.

मी स्वतःला बजावलं, वैशाली, दोन रीडिंग जुळली म्हणजे सिद्धांत होत नाही. डबा भरला आणि ऑफिसला गेले.

मग तो शुक्रवार आला. शुक्रवारी सुट्टी. मी सानिकाला घेऊन बाजारात गेले होते, परत आले तर श्री विजयी मुद्रेने उभा. घरातल्या सगळ्या तांदळात म्हणे पोरकिडे झाले होते. त्याने पिशवीतले, डब्यातले, होते नव्हते ते सगळे तांदूळ बाल्कनीत चादरीवर उन्हात पसरले. आणि आत येऊन दुसऱ्या कामाला लागला! तासाभराने पाहतो तर रोल्लातली यच्चयावत कबुतरं आमच्या बाल्कनीत पंगतीला बसलेली. उरलेलं त्याने झाडून कचऱ्यात टाकलं.

"आणि त्या डब्यातलेही?" मी विचारलं.

"त्यात तर जास्त होते किडे. ती मूर्ती बघ कशी लखलखीत केली, चिंच लावून!"

अन्नपूर्णा देवघरात उघड्या ताटलीत बसली होती. खरंच लखलखीत. तिच्याखाली तांदळाचा दाणा नव्हता. मला राग यायला हवा होता, पण मला भीती वाटली आणि भीती वाटली याचा राग आला. उद्या तांदूळ आणू, असं काहीतरी पुटपुटून मी विषय संपवला. रात्री आम्ही पोळ्याच खाल्ल्या.

शनिवारी सकाळी मंदारचा फोन आला नाही.

ते मॉन्ट्रियलहून टोरांटोला बसने निघणार होते. वाटलं, उशीर झाला असेल, झोपले असतील. मी ऑफिसला गेले. दुपारी लावला तर फोन बंद. संध्याकाळी टोरांटोच्या मित्राला, निखिलला लावला. तो म्हणाला, "ताई, ते अजून पोचले नाहीत. इकडे जबरदस्त स्टॉर्म आहे, हायवे बंद केलाय. बस कुठेतरी आतल्या रस्त्याने वळवली म्हणतात... कंपनीला तरी कुठे माहितीय नक्की." पुढे तो काहीतरी धीराचं बोलला, ते मला ऐकूच आलं नाही.

तेवढ्यात पुण्याहून आईचा फोन. "मंदारचा लागत नाहीये गं, तुला आला होता का?"

"हो आई, सकाळीच. बॅटरी गेली असेल आता." किती सहज खोटं बोलले मी! फोन ठेवून बाथरूममध्ये जाऊन रडले.

रविवारी सकाळीही काही नाही. निखिल म्हणाला, काही बस सापडल्यात, यांची नाही. बाहेरचं तापमान त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. लॅबमध्ये गेले, पण समोरचं वाचता येईना. सारखं एकच डोळ्यांपुढे येत होतं. फ्रीझरमधलं ते पुडकं. आणि ताटलीत उघडी बसलेली ती मूर्ती. जेवणाच्या सुट्टीत मी मॅनेजरला सांगितलं, बरं वाटत नाही, आणि टॅक्सीने घरी निघाले. त्या दिवसांत असं मधेच उठून जाणं म्हणजे नोकरीवर पाणी सोडणंच होतं. मला पर्वा नव्हती.

बिल्डिंगखालच्या ग्रोसरीत शिरले.

"चावल दो. जल्दी."

"बासमती खलास, मॅडम. सोना मसूरी भी खलास. कंटेनर नहीं आया," तो मलबारी म्हणाला. "मट्टा है. केरला वाला. लेगा?"

मट्टा म्हणजे केरळी लोक खातात तो लालसर जाडा तांदूळ. आमच्या घरात तो कधी शिजला नाही. पाच किलोची पिशवी होती, ती उचलली आणि जिने चढले, लिफ्टची वाट न बघता.

घरी कोणी नव्हतं. श्री सानिकाला शाळेतून आणायला गेला होता. मी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं... हो, लाज वाटत होती. कोणी बघू नये. डबा पुसला, वाटी तळाशी ठेवली, वाटीत अन्नपूर्णा ठेवली आणि पिशवी फाडून तांदूळ ओतायला लागले. काय म्हणायचं तेही येत नव्हतं. तोंडातून एवढंच निघालं, "घे बाई. घे आणि त्यांना बघ."

डबा फारतर दोन किलोचा. काठापर्यंत भरला, मूर्ती तांदळाखाली दिसेनाशी झाली. मी पिशवी बाजूला ठेवली. खिडकीतून ऊन येत होतं, खाली कोणीतरी गाडीचा हॉर्न वाजवत होतं. आणि माझ्यासमोर, हातभर अंतरावर, तांदूळ खाली जायला लागले.

आवाज आला. सर्र... असा, पोत्यात मापटं घातल्यावर येतो तसा. मध्ये खळगा पडला, कडेचे दाणे त्यात घसरले. थांबलं. पुन्हा सर्र. डबा जागचा हलला नाही. मी खाली वाकून बघितलं, ओट्यावर एक दाणा नाही. हात लावला तर डबा गरम होता. मी हात झटकन मागे घेतला.

पळून जावंसं वाटलं, अगदी खरं सांगते. पण तांदूळ निम्म्यावर आले होते आणि डोक्यात केतकीचं वाक्य होतं. मी पिशवी उचलली आणि ओतत राहिले. ओतायचे, खाली जायचे. ओतायचे, खाली जायचे. दाणे इकडेतिकडे उडत होते, मी मोठमोठ्याने रडत होते.

"वैशू! अगं, काय करतेस?" श्री दारात उभा होता. त्याने सानिकाला बाहेरच थांबवलं. "किती ओततेस त्यात? कुठे जातंय ते?"

मी ओततच राहिले. त्याने ओट्याखाली पाहिलं, डब्याच्या मागे हात घातला. मग तो माझ्या शेजारी उभा राहिला आणि पिशवी माझ्या हातून निसटत होती म्हणून खालून धरली. शेवटचे दाणे आम्ही दोघांनी मिळून ओतले. ते खाली गेले आणि सगळं थांबलं. पाच किलोंची रिकामी पिशवी माझ्या हातात होती. डब्याच्या तळाशी अन्नपूर्णा आडवी पडली होती, उघड्या स्टीलवर. वाटी नव्हती.

आम्ही डबा उपडा केला. ओटा, जमीन, सिंक, सगळं पाहिलं. वाटी नव्हती.

संध्याकाळी दिवेलागणीला फोन वाजला. अनोळखी नंबर. "ताई..." मंदारचा आवाज. श्रीने फोन स्पीकरवर टाकला.

बस आतल्या रस्त्यावर बर्फात रुतली होती. एक रात्र, एक दिवस, पुन्हा एक रात्र. हीटर बंद पडला. होतं नव्हतं ते खाणं पहिल्या रात्रीच संपलं. दुसऱ्या रात्री केतकी थरथरायची थांबली. "ताई, मी हाका मारतोय आणि ती नुसती बघतेय. मग डोळे मिटायला लागली. मला वाटलं, संपलं." तो बोलता बोलता हुंदका देऊन थांबला. मग म्हणाला, "उजाडायच्या सुमाराला मागच्या सीटवरून एक बाई पुढे आली. सगळ्यांना भात वाढत होती, पळीने. गरम, वाफा येत होत्या. आधी केतकीला भरवला तिने. मग मुलांना, मग ड्रायव्हरला... संपतच नव्हता गं. खाल्ल्यावर केतकी बोलायला लागली. सकाळी बर्फ काढणारा प्लाऊ आला आणि आम्हाला काढलं."

"कोण बाई? कुठली?" श्रीने विचारलं.

"माहीत नाही, जिजू. सगळे डोक्यापासून गुंडाळलेले. उतरल्यावर शोधली, दिसली नाही. पण गंमत बघ ना ताई, कॅनडात भात, आणि तोही जाडा, लाल! तो केरळी असतो ना, तसला."

श्रीने माझ्याकडे पाहिलं. ओट्यावर लाल तांदळाची रिकामी पिशवी तशीच पडली होती.

"ताई? ऐकतेयस ना?"

"ऐकतेय. आता नीट जेवा आणि झोपा," मी म्हटलं.

शिकागो रद्द करून ते आठवड्याभरात परत आले. मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. सांगणार तरी काय? जेवणं झाली. केतकी सॅक उपसत होती. पाठीवर मावेल तेवढंच नेणारी मुलगी, एकही आठवणीची वस्तू आणली नव्हती. तिने मोज्यात गुंडाळलेलं काहीतरी बाहेर काढलं.

"ताई, त्या बाईंचं हे माझ्या मांडीवर राहून गेलं. द्यायला गेले तर त्या नव्हत्याच. टाकवेना. मराठी कोणीतरी असणार, बघा ना, नावसुद्धा घातलंय, मी अजून नीट वाचलं नाही..." तिने ती दिव्याखाली धरली, वाचली, आणि तिचा चेहरा बदलला.

टिंबाटिंबांची अक्षरं. चि. वैशालीस, माईआत्याकडून. खाली वेडंवाकडं कमळ. काठाखाली लाल भाताचं एक शीत वाळून चिकटलेलं.

मी खूप विचार केला आहे. हायपोथर्मियात माणसाला भास होतात, मान्य. पण बसमधल्या सगळ्यांना एकच भास, आणि त्याने पोट भरलं? कबुतरं, किडे, श्रीने तांदूळ काढून विसरणं, सगळं लावून पाहिलं. मी कच्चे तांदूळ ओतले आणि तिथे भात आला, मधे तो शिजला कुठे? मंदारची नोकरी टिकली नाही. ते पुण्याला गेले, पुन्हा आले, आता अजमानला असतात. अन्नपूर्णा केतकीकडे आहे आणि तिच्या डब्यातले तांदूळ त्यानंतर कधी दाणाभरही कमी झाले नाहीत, असं ती सांगते.

गेल्या वर्षी सानिका शिकायला मॉन्ट्रियलला गेली. मी दशम्या केल्या. तिने पुडकं हातात घेतलं, हसली आणि म्हणाली, "मम्मा, आय वॉन्ट टू ट्रॅव्हल लाइट." मामावर गेली आहे पोरगी. मी या वेळी दार आपटलं नाही.

तिला सोडून एअरपोर्टवरून घरी आलो तर केतकी आमच्या दारात उभी होती, हातात तो स्टीलचा डबा घेऊन. मी तिला बोलावलं नव्हतं. आम्ही दोघी आत गेलो. मी सेटमधली ती परत आलेली सहावी वाटी काढली आणि डबा काठोकाठ भरला.

आता रोज सकाळी सानिकाचा फोन येतो. जेवलीस का, हा प्रश्न मी अजून विचारते. फक्त फोन उचलायच्या आधी डबा उघडून बघते.